सासरेबुवांचा ठेका

खरं तर मी फक्त "वा!" म्हणालो होतो. त्या एका 'वा'नं माझं वाटोळं केलं.

त्याचं असं झालं, आमच्या साहेबांनी एकदा जिन्यात एका नव्या गायकाचं गाणं गुणगुणलं. (गाणं कसलं? दारात बोट चेमटल्यावर माणूस ओरडतो, तसं काहीतरी.) लगेच हेडक्लार्कच्या फोनमधून तोच आवाज यायला लागला. मग टायपिस्टबाई डबा खाताना डोळे मिटून डोलू लागल्या. एक दिवस सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकट्यानं बसून डबा खायची हिंमत माझ्यात नाही.

"वा!" मी म्हणालो. "हा तर मोठ्या स्पीकरवरच ऐकावा. आमच्याकडे असतोच."

"मग रविवारी येतोच तुमच्याकडे," हेडक्लार्क म्हणाले.

झालं! शनिवारी धावतपळत जाऊन स्पीकर आणला.

आतल्या खोलीत माझे सासरे असायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला शांत माणूस. झटका आल्यापासून अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली, हाताशी एक काठी. बायको नर्स, तिला रविवारीही ड्यूटी. निघताना बजावायची, "बाबांनी काठी आपटली की आत जाऊन बघायचं. एवढं एकच काम आहे तुम्हाला."

पहिल्याच रविवारी गाणं सुरू झालं आणि आतून काठी वाजली. मी उठणार, तेवढ्यात टायपिस्टबाई चीत्कारल्या, "अय्या! आजोबा ठेका धरताहेत!"

"या वयात! रसिक माणूस," हेडक्लार्क म्हणाले.

आता रसिक माणसाला मध्येच जाऊन 'काय हवंय?' विचारणं बरं दिसतं का? मी आवाज वाढवला. काठीही जोरात वाजू लागली. मग दर रविवारी हेच. सासऱ्यांमुळे ऑफिसात माझा भाव वधारला. (लग्न झाल्यापासून प्रथमच.)

गेल्या रविवारी ठेका फारच रंगला आणि मध्येच थांबला. "दमले वाटतं," मी म्हणालो. मंडळी गेली. संध्याकाळी बायको आली, थेट आत गेली आणि किंचाळली. बाबा गेले होते. काठी मुठीत तशीच होती.

काल ऑफिसची मंडळी भेटायला आली. टायपिस्टबाई डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांच्या आवडीचं गाणं लावू या का?" कुणी नाही म्हणेना. मग मी तरी कसं म्हणणार? लावलं.

बायको पाणी घेऊन बाहेर आली. "कुणाच्या आवडीचं?"

"आजोबांच्या. दर रविवारी काठीनं ठेका धरायचे ना!"

तिनं ट्रे खाली ठेवला. "बाबा काठी आपटत होते," ती माझ्याकडे बघत हळू म्हणाली, "आणि तुम्ही आत गेला नाहीत?"

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. गायक मात्र ओरडतच होता. तिनंच जाऊन वायर उपटली.

"बरं केलंत, वहिनी," हेडक्लार्क म्हणाले. "खरं सांगू? मला तर हे कधीच सोसवत नव्हतं. तुमच्या मिस्टरांना आवडतं म्हणून यायचो."

"मीसुद्धा यांच्यासाठीच," टायपिस्टबाई म्हणाल्या.

बायको रडायला लागली. हेडक्लार्क उसासा टाकून म्हणाले, "काठी वाजल्यावर कुणीतरी आत जाऊन बघायलाच हवं होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. अर्थात, बाकीच्यांच्या डोलताहेत ना, तेवढं आधी बघून घेतलं.