नवव्या लाडवाला दहा गुण

चुरीसर चहा कधीच संपवत नसत. अर्धा कप झाला की बशी बाजूला सारून उठायचे आणि अख्ख्या कँटीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "झालं! सीमांत उपयोगिता शून्य!"

सीमांत उपयोगिता म्हणजे शेवटच्या घोटातून मिळालेलं समाधान. तहानलेल्याला पहिला घोट अमृत, दुसरा बरा आणि सहावा नकोसा. पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्रातला हा पहिला धडा. तो शिकवून झाला की आम्ही बाकीचे प्राध्यापक विसरून जायचो. चुरीसर तो जगायचे.

पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. पालघरला आमचं कॉलेज नुकतंच निघालं होतं आणि अर्थशास्त्राला आम्ही दोघे होतो. 'अ' तुकडी माझी, 'ब' तुकडी त्यांची. मी मुंबईचा, पहिल्या वर्गात एम.ए. ते चिंचणीचे, बाहेरून परीक्षा देऊन दुसऱ्या वर्गात पास झालेले. आणि तरी माझी पोरं मागच्या दाराने सटकून त्यांच्या तासाला जाऊन बसायची! हजेरीला चाळीस, फळ्याकडून वळून पाहावं तर बावीस. पलीकडच्या खोलीतून हशा यायचा, आणि तो हशा मला कांजिण्यांसारखा अंगभर खाजायचा.

प्राचार्य विचारायचे, "चुरी, उद्या मीटिंगला येणार ना?"

"येणार. इतर परिस्थिती कायम राहिल्यास."

हे त्यांचं पेटंट वाक्य. अर्थशास्त्राचा प्रत्येक नियम याच अटीवर उभा असतो, म्हणून त्यांचं आयुष्यही. एकदा गाडी अलीकडच्या स्टेशनात अडकून तासभर उशिरा आले. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, तर हे शांतपणे म्हणाले, "परिस्थिती उमरोळीला बदलली."

यावर प्राचार्य हसले. मी दोन मिनिटं उशिरा आलो होतो तेव्हा त्यांनी मला मेमो दिला होता.

मागणीचा नियम शिकवायला मी जाडजूड इंग्रजी ग्रंथातले उतारे द्यायचो. चुरीसर बाजारातली कोळीण द्यायचे. त्यांनी म्हणे तिला सांगितलं, की बाई, भाव उतरवलास तर मागणी वाढेल. ती म्हणाली, "मास्तर, बारा वाजलं का मी आपसूकच उतरवते. तुमी मला शिकवू नका, बारालाच या." ही गोष्ट सरांनी आठवडाभर वर्गात सांगितली. परीक्षेत माझ्या तुकडीतल्या सात जणांनी मागणीच्या नियमाखाली ती कोळीण लिहिली. माझ्या ग्रंथातलं कुणीच काही लिहिलं नाही.

पण खरा कळस म्हणजे लाडवांचा तास. महिन्यातून एकदा चुरीसर पितळेचा डबा घेऊन वर्गात शिरायचे. डब्यात रवा-नारळाचे लाडू. एकाला पुढे बोलवायचं, एकेक लाडू द्यायचा आणि प्रत्येक लाडवाला दहापैकी गुण विचारायचे. पहिल्याला आठ, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. फळ्यावर रेघ उतरत जायची आणि पाचव्या लाडवाला पोरगं हात जोडायचं. "बघा, नियम सिद्ध!" बाकीचे लाडू वर्गाला वाटले जायचे. असे लाडू वळणाऱ्या बायकोच्या हातचं रोज खाणाऱ्या माणसाला नशीबवान म्हणायचं नाही तर काय, असं मनात येऊन मी आणखी जळायचो.

त्यातच मार्चमध्ये प्राचार्यांनी दोघांना सांगून टाकलं, की जूनपासून अर्थशास्त्राला एकच जागा कायम होईल. दोघांपैकी एकाने दुसरीकडे पोट भरायचं.

मग माझ्या हेव्याला कामच मिळालं. मी प्राचार्यांकडे जाऊन म्हणालो, "सर, हे कॉलेज आहे की खानावळ?" ते म्हणाले, "तुम्ही स्वतः तासाला बसा आणि काय दिसलं ते लेखी द्या." मी तक्रारीचा कागद आधीच लिहून खिशात ठेवला आणि 'ब' तुकडीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

चुरीसरांनी डबा उघडला, वर्गावर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा फुलला. "आज आपले ग्राहक देवधरसर!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. पळायला वाट नव्हती. मी पुढे गेलो आणि पहिला लाडू तोंडात टाकला.

काय सांगू! तोंडात ठेवताक्षणी विरघळला. वेलदोडा नेमका, पाक नेमका. माझ्या तोंडून निघून गेलं, "दहा."

सरांचा खडू क्षणभर हवेत थांबला. मग त्यांनी दहा लिहिले. आणि त्याच क्षणी मला सुचलं, की नियम मोडायचा! याच्याच वर्गात, याच्याच लाडवांनी.

"दुसरा?"

"दहा."

"तिसरा?"

"दहा!"

पाचव्याला घशाला कोरड पडली. सातव्याला डोळ्यांत पाणी आलं. रेघ मात्र फळ्यावर आडवी, सरळ, जराही उतरायला तयार नाही. नवव्या लाडवाला मी टेबल धरलं आणि म्हणालो, "द... दहा."

चुरीसरांनी डब्याचं झाकण लावलं आणि वर्गाकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "लक्षात घ्या. ग्राहक विवेकी असावा लागतो, हे नियमाचं एक गृहीत आहे."

पोरं बाकं बडवून हसली. मोडायला गेलो त्यांचा नियम आणि मोडलं माझं पोट.

दुपारी मी घरी आडवा पडलो. बायको ओव्याचं पाणी देत होती. संध्याकाळी दारात चुरीसर उभे. पाचची गाडी त्यांनी माझ्यासाठी सोडली होती. बसले, चुळबुळ केली. वर्गात छापील मराठी बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला.

"देवधर, खरं सांगा, रागवू नका. तुमी माझी जिरवायला दहा दिले ना?"

मी ओव्याच्या पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"नवव्याचं सोडा वो. मला पयल्याचं विचारायचंय. तो खरा दहाचा होता?"

"तो खरा होता," मी म्हणालो. "बाकीचे आठ मी जळून दिले."

ते हसले नाहीत. पंच्याने चेहरा पुसला. मग म्हणाले, "आमची ही जाऊन तीन वर्षं झाली. कॉलेजात कुणाला बोललो नाय मी. लाडू मीच करतो. दोन लाडवांचा पाक साधत नाय, बिघडतो, म्हणून तिच्या मापानेच करायला लागतात, पंचवीस. घरात खायला कोण हाय? मग वर्गात आणतो. पोरं लबाड नसतात, चवीचं खरं सांगतात. कॉलेज निघाल्यापासून पयल्या लाडवाला आठ. कधी साडेआठ. आज पयल्यांदा दहा आले, आन ते तुमी दिलेत, म्हणून जिवाला खात्री वाटंना."

म्हणजे फळ्यावरची उतरती रेघ पोरांसाठी होती. सर स्वतः फक्त पहिला आकडा बघत होते.

तक्रारीचा कागद मी दुसऱ्या दिवशी फाडला. जागा जूनमध्ये त्यांनाच मिळाली आणि मी दुसऱ्या गावी गेलो. यात माझा मोठेपणा काही नाही, पोरांनी मत दिलं असतं तरी तेच झालं असतं. आणि हेवा म्हणाल तर तो त्या संध्याकाळीही गेला नाही, उलट वाढला.

कारण दहा खरे होते हे कळल्यावर चुरीसर खुलले आणि बोलतच सुटले. ती रवा कुठल्या कढईत भाजायची, पाक बोटावर कसा बघायची, लाडू वळताना डावा हात कसा पदराला पुसायची, सगळं. मग सहज म्हणाले, "वहिनी नारळ रव्याबरोबर भाजतात का पाकात घालतात?"

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दर दिवाळीला मी बायकोच्या हातचे हेच लाडू खात होतो. ती चार पावलांवर स्वयंपाकघरात उभी होती.

"थांबा," मी म्हणालो, आणि पोट धरून उठून आत तिला विचारायला गेलो.