सुक्या बोंबलाची चौकशी

बातमी खरी की खोटी हे ठरवणं एकट्यादुकट्या आईबापाचं काम नव्हे. त्याला समितीच लागते. नवीन पनवेलच्या एका सोसायटीत ती रीतसर स्थापन झाली. नाव : पालक विज्ञानवार्ता पडताळणी समिती. अध्यक्ष : काशिराम ठाकूर (शिक्षण : कॉमर्स, अनुभव : दोन मुलगे).

पद्धत शास्त्रशुद्ध होती. आरोग्याची बातमी तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आली की ती खरी. ‘परदेशातले शास्त्रज्ञ’ असे शब्द असले तर दोनच ग्रुप पुरत. (देशी शास्त्रज्ञांना ही सवलत नव्हती.) अशा रीतीने समितीने मुलांना फ्रीजचं पाणी, टोमॅटोच्या बिया आणि उजव्या कुशीवर झोपणं यांपासून वाचवलं होतं. मुलं वाचली याचा पुरावा म्हणजे ती खाली खेळत होती.

मग बातमी आली : सुके बोंबील खाल्ल्याने मुलांची स्मरणशक्ती घटते. परदेशातलं संशोधन, शिवाय तिन्ही ग्रुपांवर. ठराव झाला : डब्यात सुकी मासळी बंद.

अडचण झाली ती भावना कोळीची. तिची रोशनी पहिलीत होती, आणि बोंबलाची चटणी नसली की पोरीचा डबा गेला तसा परत यायचा. आता रोजच येऊ लागला. त्यातून माहेरी, करंज्याच्या कोळीवाड्यात, आई कृष्णाबाई कावळे हाकत पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील वाळवत बसलेली. तिला नको म्हणायचं कोणत्या तोंडाने? तरी भावनाने फोन लावला.

“कोन बोलला बोंबील नको?”

“शास्त्रज्ञ गो आये. बोलतात, इसरायला होतं.”

“मी जल्मभर खाल्ले. तुज्या हलदीला कोन कोन रुसला, नाव घेऊन सांगू?”

पुरावा भक्कम होता. पण शास्त्रात एक आई पुरत नाही, एवढं भावनाला कळत होतं. म्हणून तिने समितीच्या इतिहासात कोणीच न केलेली गोष्ट केली. मूळ बातमी शोधून शेवटपर्यंत वाचली.

सभेत ती म्हणाली, “काका, यात मुलं नाहीतच. उंदीर आहेत. अकरा. आणि त्यांना नुसतं मीठ चारलंय. बोंबील मधेच कोणीतरी घातलेत.”

“अगं, पण तीन ग्रुपांवर आलीय!”

“तिन्हीवर तुम्हीच टाकलीत.”

“म्हणजे माणूस एकच,” काशिरामकाका म्हणाले, “पण खात्रीचा.”

बंदी उठली. (उंदरांपुरती कायम आहे.) दुसऱ्या दिवशी रोशनीचा डबा चाटूनपुसून आला. समितीने नारळ देऊन भावनाचा सत्कार केला आणि तिला मुख्य पडताळणी अधिकारी नेमलं.

कारकिर्दीतली पहिली बातमी तिच्यापुढे आली : दुपारी तासभर झोपणाऱ्या आयांची मुलं गणितात हुशार निघतात. भावनाने मथळा वाचला, जागच्या जागी ‘सत्य’ असा शेरा मारला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

वाचकहो, बोंबलाच्या बातमीला तुम्ही पोट धरून हसलात. हिला मात्र नुसती मान डोलावलीत. पडा मग जरा.