आयुषीची मनवार

निर्मलकुमारांच्या गळ्यात आजवर कोणी काही मारू शकलं नव्हतं. जळगावच्या दाणा बाजारात डाळीचा ठोक धंदा करताना त्यांनी भलेभले दलाल चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवले होते. त्या दिवशी दुपारी मात्र ते फरशीवर मांडी घालून बसले होते, हातात औषधाचं इवलंसं प्लास्टिकचं माप होतं, आणि समोर बसलेली अडीच वर्षांची नात आयुषी तापानं लालबुंद होऊन त्यांच्याकडे शांतपणे बघत होती.

आयुषी कालपासून तापली होती. मुलगा धंद्याच्या कामानं धुळ्याला गेलेला, सून चेलना रात्रभर जागून आत्ता कुठं झोपलेली. निर्मलकुमार जेवायला घरी आले, नातीच्या कपाळाला हात लावला आणि चरकले. सुनेला उठवावं असं मनात आलं. पण मग वाटलं, आपण अख्खा बाजार सांभाळतो, एवढंसं औषध पाजता येणार नाही होय? डॉक्टरांनी मापावर पेनानं खूण करून दिली होती, त्यामुळे माप काही चुकलं नाही. चुकलं ते पुढं.

"घे बेटा. शरबत आहे, गोड गोड."

आयुषीनं माप हातात घेतलं, आत वाकून पाहिलं आणि सरळ आजोबांच्या मिशीखाली धरलं.

"आदी तू."

आता यात पोरीचा काय दोष? या घराची रीतच तशी. राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या, खानदेशची शेवभाजी अंगवळणी पडली, पण मनवार काही सुटली नाही. ताटावर बसलेल्या माणसाला आपल्या हातानं घास भरवायचा, तो नको म्हणाला की आणखी आग्रह करायचा. आणि समोरच्यानं तो हात मागं लोटला, तर भरवणाऱ्याचा अपमान ठरलेला. आयुषी हे सगळं मोठ्यांच्या मांडीवर बसून शिकली होती. शिरपूरच्या एका लग्नात तिनं व्याह्यांना जिलेबी भरवली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत निर्मलकुमारच पुढं होते.

"नाही बेटा, हे तुझं आहे..."

"आदी तू!"

खालचा ओठ पुढं आला. डोळे काठोकाठ भरले. रडता रडता औषध पाजलं तर ठसका लागायचा, एवढं निर्मलकुमारांना कळत होतं. नुसतं ओठ लावल्यासारखं करू, असं ठरवून त्यांनी तोंड जरासं उघडलं मात्र, आयुषीनं माप असं सफाईनं उलटं केलं की थेंबसुद्धा बाहेर सांडला नाही. वर आजोबांच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "शाब्बाश."

पुन्हा माप भरलं तर पुन्हा हेच होणार, हे निर्मलकुमारांना स्पष्ट दिसत होतं. सून उठली की देईल, असं मनाशी म्हणत त्यांनी बाटली होती तिथं ठेवली आणि मिशी पुसली.

उन्हं कलल्यावर चेलना जागी झाली. तिनं लेकीला औषध द्यायला बाटली उचलली आणि किंचाळलीच.

"बाटली एवढी खाली कशी गेली? कोणी दिलं औषध?"

"मी दिलं," चेलनाच्या सासूबाई हीराबाई म्हणाल्या. "तुला उठवायला जिवावर आलं गं."

स्वयंपाकघरातून भागाबाई हात पुसत बाहेर आली. ती या घरात वीस वर्षं पोळ्या लाटत होती आणि बोलणं तिचं अजून गावचंच होतं. "मी बी दिधं ना बाई! पोरनं आंग तपेल व्हतं. बठ्ठं पी गयी, गुणनी पोर शे!"

तिघींनी निर्मलकुमारांकडे पाहिलं. खरं सांगायची वेळ हीच होती. पण दाणा बाजारातला माणूस, बायको आणि सून समोर उभ्या, अडीच वर्षांच्या पोरीनं मलाच औषध पाजलं, असं सांगणार कोणत्या तोंडानं?

"मीही दिलं," ते म्हणाले.

चेलनाचा चेहरा पांढराफटक पडला. "तीन वेळा? एकामागून एक? अहो, दोन औषधांत सहा तास जावे लागतात! जास्त झालं तर लिव्हरवर जातं ते!"

तिनं मुलांच्या डॉक्टरांना, डॉ. हसीबना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "आता घरात काही देऊ नका. उलटी करवू नका. बाटली आणि माप घेऊन ताबडतोब या. घरात ज्यांनी ज्यांनी औषध दिलंय, त्या सगळ्यांना आणा."

गाडीत आयुषी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. आपलं औषध आपल्याच पोटात आहे, म्हणजे पोरीला दोनदाच गेलं, असं निर्मलकुमारांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण दोनदाही जास्तच होतं. आपण खोटं बोललो आणि त्या खोट्यावर डॉक्टर काही भलतंच करून बसले तर?

डॉ. हसीबनी आयुषीला तपासलं, ताप मोजला. ताप चांगलाच चढलेला होता.

"आश्चर्य आहे," ते म्हणाले. "एवढं औषध जाऊन ताप जरासुद्धा उतरलेला नाही. नक्की किती गेलं ते मला कळायला हवं. एकेकानं सांगा, आणि खरं सांगा."

निर्मलकुमार उठून उभे राहिले.

"डॉक्टरसाब, माझं औषध धरू नका," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ते मी प्यालो. तिनं पाजलं मला. खोटं बोललो मी, माफ करा."

चेलना सासऱ्यांकडे बघतच राहिली. तेवढ्यात हीराबाईंनी पदर सावरला.

"मग माझंही धरू नका. पोर इतक्या प्रेमानं देत होती, नाही म्हणवलं नाही मला."

"मन्हा बी तोंडमा गयं," भागाबाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटली. "बठ्ठंच."

"सगळंच? तिला थेंबभरही नाही?" डॉक्टरांनी विचारलं. "तिघांनी नीट आठवून सांगा."

तिघांनी माना हलवल्या. थेंबभरही नाही. चेलनानं सुटकेचा मोठा श्वास टाकला, आणि मग तिचा राग उफाळून आला. "कमाल आहे तुमची सगळ्यांची! लेकरू तापानं फणफणतंय आणि तुम्ही तिचं औषध पीत बसलात?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आज फक्त सकाळचं औषध गेलंय. ते तुम्ही दिलंत ना?"

"हो, मीच दिलं."

"तिनं गिळलेलं पाहिलंत?"

चेलनाचे कान लाल झाले.

"ती 'आदी तू' म्हणाली," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "मला वाटलं, एक घोट घेऊन दाखवावा..."

डॉ. हसीब खुर्चीत मागं टेकले. निर्मलकुमारांनी नातीकडे पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. आयुष्यात त्यांनी एकाहून एक विक्रेते पाहिले होते. पण नको असलेला माल एका दिवसात चार मोठ्या माणसांच्या घशाखाली उतरवणारं आणि वर शाब्बासकी देणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आता बघा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आयुषीला आईच्या मांडीवर ताठ बसवलं, बिनसुईच्या सिरिंजमध्ये औषध मोजून भरलं. "आयुषी, हे शरबत नाही. औषध आहे. यानं ताप जातो." मग सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं सोडलं, प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबले. घरची चार माणसं श्वास रोखून बघत होती. शेवटचा घोट खाली उतरला तेव्हा निर्मलकुमारांनी डोळे टिपले.

"यापुढं एकानंच द्यायचं, आणि दिल्याबरोबर सगळ्यांना सांगायचं," डॉक्टरांनी दम भरला. "औषधाला खाऊ म्हणायचं नाही. आणि तिनं कितीही आग्रह केला तरी मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. एवढंही जमत नाही म्हणजे काय?"

आयुषीनं त्यांच्या हातातली रिकामी सिरिंज काढून घेतली आणि त्यांच्या तोंडासमोर धरली.

"आता तू."

"नाही हं," डॉक्टर करड्या आवाजात म्हणाले. "डॉक्टर घेत नसतात."

खालचा ओठ पुढं आला. डोळे काठोकाठ भरले. हीराबाईंनी मान खाली घातली, भागाबाईनं पदर तोंडात कोंबला. डॉ. हसीबनी निर्मलकुमारांकडे पाहिलं, दाराबाहेर नंबर लावून बसलेल्या लोकांकडे पाहिलं. मग हळूच खुर्ची पुढं ओढली आणि तोंड उघडलं.

सिरिंज रिकामीच होती. तरी डॉक्टरांनी घोट गिळला.