कायम झालेली दाढी

बापूसाहेबांना फसवणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात अजून जन्माला आलेला नाही, असं बापूसाहेब स्वतःच सांगायचे. ते चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल मोजमाप पडताळणी उपकार्यालयाचे अधीक्षक. टॉवेल लांबीला लांब आणि रुंदीला रुंद आहे की नाही, हे शासनाच्या वतीनं बघणं हे या कार्यालयाचं काम. कर्मचारी एकमेकांच्या सह्या ठोकून चहाला जातात असा बापूसाहेबांना संशय होता. म्हणून त्यांनी दारातच, चेहरा बघून हजेरी घेणारं मशीन बसवून घेतलं.

नारळ फोडून ते म्हणाले, "आता बघतोच एकेकाला. हे मशीन एकदा चेहरा बघितला की मरेपर्यंत विसरत नाही. सख्खी बायको विसरंल, हे नाही."

मशीन श्रावणात बसलं, ही बारीकशी गोष्ट तेवढी कुणाच्या ध्यानात आली नाही.

श्रावणात या कार्यालयातला झाडून सगळा पुरुषवर्ग दाढी वाढवतो. काहींनी मटण सोडलं होतं, काहींनी बाटली, आणि ज्यांच्याच्यानं यातलं काहीच सुटत नव्हतं त्यांनी निदान दाढी करणं सोडून श्रावण पाळला होता. सगळ्यांचे चेहरे दाढीसकट मशीनमध्ये गेले. अपेक्षा मॅडम या कार्यालयातल्या एकट्याच बाई. त्यांचा चेहरा आहे तसा गेला.

सगळ्यांत दाट दाढी युवराजची. हा मोडनिंबचा, हंगामी लिपिक. महिनाअखेरपर्यंत हजेरीत खंड पडला नाही तर तो कायम होणार होता. कायम झाला तर बार्शीचे शहाजीराव त्याला आपली ऋतुजा देणार होते. नाही झाला तर देणार नव्हते. शहाजीरावांनी मुलाचं नाव, शिक्षण, स्वभाव काहीच विचारलं नव्हतं. "कायम हाय का?" एवढंच विचारलं होतं.

श्रावण संपला. दुसऱ्या दिवशी सगळं कार्यालय सोमलिंगच्या दुकानात रांगेला बसलं. सोमलिंग अक्कलकोटकडचा. त्याच्याकडं अजून आजोबांचा वस्तरा होता, चामड्याच्या पट्ट्यावर चटक-चटक घासून लावायचा. नवी पाती घालायचं खेळणं तो हातात धरत नसे.

"अय्यो साहेब, माझ्या हातची दाढी म्हणजे काय समजला तुमी?" बापूसाहेबांच्या गालावर फेस चढवत तो म्हणाला. "जन्मदाती आई वळखायची न्हाय."

सोमलिंगचं म्हणणं खरं निघालं. सकाळी बापूसाहेब मशीनसमोर उभे राहिले. मशीन गोड आवाजात म्हणालं, "चेहरा ओळखता आला नाही. कृपया स्वतः उपस्थित राहा."

"मी स्वतःच आहे!" बापूसाहेब म्हणाले.

"कृपया स्वतः उपस्थित राहा."

बापूसाहेब मागं सरले. मागचे सगळे पुढं झाले आणि एकेक करून मागं सरले. युवराजची बारी आली. त्यालाही मशीननं स्वतः यायला सांगितलं. तेवढ्यात अपेक्षा मॅडम डबा घेऊन आल्या. मशीन म्हणालं, "धन्यवाद, अपेक्षा. शुभ दिवस." दार उघडलं आणि त्यांच्यामागं मिटलं.

बापूसाहेबांनी उन्हात उभं राहून मशीनच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार नम्र होती.

"नवीन चेहरा घेऊ की सर. त्यासाठी आधी जुना चेहरा दाखवून आत या."

"जुना चेहरा आता कुठला आणू, बाई? तो सोमलिंगच्या दुकानात पडलाय!"

"मग तो घेऊन या ना सर," ती म्हणाली आणि सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबायला सांगितलं.

सूचना लेखी नव्हती, पण कंपनीची होती. बापूसाहेब पूर्ण कार्यालयासह सोमलिंगकडं गेले. केसांचं पोतं मागच्या बाजूला तसंच पडलं होतं.

"ह्यातली आमची आमची वेगळी करून दे," बापूसाहेब म्हणाले.

"साहेब, ही काय ज्वारी हाय व्हय, निवडायला?"

शेवटी तडजोड झाली. सोमलिंगनं टॉवेलच्या पट्टीवर डिंक लावून सगळ्यांची मिळून एक दाढी चिकटवली, वस्तऱ्यानं कडा काढल्या, कानाला अडकवायला नाड्या लावल्या. बापूसाहेबांना तिच्यात आपलं काहीच दिसेना.

"तुमची पांढरी होती साहेब, ती काडून टाकली. मशीन घाबरंल."

बापूसाहेबांनी दाढी लावली आणि मशीनसमोर छाती काढून उभे राहिले. "धन्यवाद, युवराज. शुभ दिवस."

मशीननं नाकडोळे पाठच केले नव्हते. त्यानं दाढी पाठ केली होती, आणि पोत्यात निम्म्याच्या वर दाढी युवराजची होती. बापूसाहेबांना अपमान गिळून आत जावं लागलं. त्यांनी खिडकीतून दाढी बाहेर टाकली. पुढच्यानं ती लावली. "धन्यवाद, युवराज." मग त्याच्या पुढच्यानं. पोर्चमध्ये मशीनच्या शेजारी, भिंतीआड एक खिळा ठोकण्यात आला आणि दाढी तिथं टांगण्यात आली. रोज सकाळी सगळं कार्यालय युवराज होऊन आत जाऊ लागलं.

युवराज खूश होता. त्याच्या हजेरीत खंड तर नव्हताच, उलट रेलचेल होती.

रात्री आईचा, फुलाबाईचा, फोन आला. "झालास का रं कायम?"

"व्हतोय आये. लई हजर हाय मी."

पुण्याच्या वरिष्ठ कार्यालयानं हजेरी तपासली. एक कर्मचारी दिवसातून अनेकदा कामावर येतो आणि अपेक्षा मॅडम सोडल्या तर बाकीचे श्रावणापासून बेपत्ता आहेत, तरी टॉवेल मोजले जातायत, म्हणजे हा एकटाच सगळ्यांचं काम करतो, असा निष्कर्ष निघाला. युवराजला तातडीनं कायम करावं असं ठरलं. बाकीचे बाहेरगावी टॉवेल मोजत फिरतायत, असं बापूसाहेबांनी कळवलं, आणि ते पुण्याला पटलं.

"साहेब, मी रोज येते. खरोखरची येते," अपेक्षा मॅडम म्हणाल्या. "माझं काय?"

"मॅडम, तुम्ही दिवसातून एकदाच येता," बापूसाहेब म्हणाले. "जरा युवराजकडं बघा."

आदेश घेऊन पुण्याहून तपासणी अधिकारी आबासाहेब स्वतः आले. आदेशात अट होती: मशीन ज्याला ओळखील त्याच्याच सुपूर्द करावा, मानवी हस्तक्षेप नको. चांगला दिवस म्हणून युवराज पहाटेच सोमलिंगकडं जाऊन गुळगुळीत होऊन आला होता. गालाला तुरटी, कपाळाला गंध, अंगात नवा शर्ट. तो मशीनसमोर उभा राहिला.

"चेहरा ओळखता आला नाही. कृपया स्वतः उपस्थित राहा."

युवराजचा हात सवयीनं खिळ्याकडं गेला.

"अहो, हे काय?" आबासाहेब ओरडले. "सरकारी यंत्रासमोर वेषांतर? तुरुंगात जाल!"

"साहेब, पण मीच युवराज हाय की!"

"पुरावा?"

युवराजनं ओळखपत्र काढलं. त्यावरचा फोटो आबासाहेबांनी उलटसुलट करून बघितला. "हा कोण?" ते त्यांना कळेना, आणि खरं सांगायचं तर युवराजलाही ठामपणे सांगता येईना.

एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. खिळ्यावरची दाढी हलली, झुलली आणि मशीनच्या डोळ्यासमोर आली.

"धन्यवाद, युवराज. शुभ दिवस," मशीन म्हणालं आणि दार उघडलं.

आबासाहेब नियमाचे पक्के. त्यांनी आदेश टाचणीनं दाढीला लावला, तिचं अभिनंदन केलं आणि जेवणाच्या आत निघून गेले.

"साहेब, काय तर करा की," युवराज रडकुंडीला आला.

"अरे, तुझं नाव कायम झालंय. एवढं कुणाचं होतं?" बापूसाहेबांनी त्याला समजावलं. "आणि तुला थोडंच काढतोय? तू हंगामी राहा. दाढीला सकाळी आणायचं, संध्याकाळी न्यायचं. जबाबदारीचं काम आहे."

दाढीला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, डोक्यावर पंखा मिळाला. तो मंद ठेवावा लागे. लोक येऊन तिच्यापुढं अर्ज ठेवत. दाढी कुणाला "उद्या या" म्हणत नव्हती, जेवायला उठत नव्हती, फोनवर बोलत नव्हती. कार्यालयाचं नाव सुधारलं. एक चादरीवाला तर म्हणाला की इतका समजूतदार साहेब त्यानं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता.

ही कीर्ती बार्शीला पोचली. शहाजीराव पाहुणे घेऊन आले. युवराज पुढं होऊन पाया पडला. शहाजीरावांनी त्याला बाजूला सारलं.

"तू ऱ्हाऊ दे. जागा कायम कुणाची?"

"तशी... दाढीची," बापूसाहेब म्हणाले.

शहाजीरावांनी खुर्चीकडं बराच वेळ बघितलं. "यसन न्हाय. उलटं बोलत न्हाय. बसल्या जाग्यावरनं हलत न्हाय. सरकारी मानूस म्हंजे ह्येच की! ठरलं म्हना."

"मामा, मी हितं जित्ता उभा हाय!" युवराज म्हणाला.

"हायस की. पर हंगामी हायस."

ऋतुजाला विचारायचं पाहुण्यांच्या ध्यानात नव्हतं, पण ती सोबत आली होती आणि तिनं आपणहून सांगितलं. "मला चालतंय. आठवड्यातून एकदा शांपूनं धुवायची आणि वाळत घालायची. आमच्या दाजींपेक्षा लई सोपं हाय."

फुलाबाईचं मन आधी तयार होईना. मग तीही वळली. "निम्मी तर माझ्याच लेकराची हाय की," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "पोटचीच म्हनायची." युवराजला ती म्हणाली, "तू करवला हो. मान हाय त्यात."

लग्न बार्शीत लागलं. दाढीला चौरंगावर बसवलं, मुंडावळ्या बांधल्या. बांधायला कपाळ नव्हतं, त्या खिळ्याला बांधल्या. खिळा चिंचोळीहून सोबत आणला होता. बापूसाहेब वरपक्षाकडून फेटा बांधून मिरवत होते. अपेक्षा मॅडम रजा टाकून आल्या होत्या. लग्नाला मशीन नसल्यामुळं बाकीचं कार्यालय आपापल्या चेहऱ्यानं हजर होतं.

हळदीच्या आधी नवरदेवाची दाढी करायची रीत आहे. त्यासाठी सोमलिंगला मुद्दाम सोलापूरहून बोलावलं होतं. त्याला टॉवेल-टोपीचा मान दिला. त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, पट्ट्यावर वस्तरा चटक-चटक घासला आणि सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"करू न्हवं?"

"आरं रीत हाय, कर की!" शहाजीराव म्हणाले. "वेळ टळाय लागलीया."

युवराज गरम पाणी आणायला आत गेला होता. तो येईपर्यंत सोमलिंगचं काम आटपलंही होतं. हात फार सफाईचा. टॉवेलच्या पट्टीवर कुठं खुंटसुद्धा राहिला नव्हता.

ऋतुजानं पट्टीकडं बघितलं, मग बापाकडं. शहाजीरावांनी बँडवाल्यांना खूण केली. आचारी निरोपावर निरोप पाठवत होता, पानं वाढली होती. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. तुम्हीही होता की तिथं, पहिल्याच पंगतीत, पंख्याखाली. नवरदेव कुठाय असं तुम्हीही विचारलं नाहीत. मठ्ठा चांगला झालाय म्हणालात आणि जिलेबी परत मागून घेतलीत.

जेवणं झाल्यावर मांडव झाडला. नवरदेव केरात गेला.