चौतीस पायऱ्या आणि एक जोडी चपला

नाजूकरावांनी जिमला जायचं ठरवलं ते चपलांमुळे. तब्येतीसाठी नव्हे, पोट कमी करण्यासाठी तर नव्हेच (पोट सुटायला आधी थोडं शरीर असावं लागतं).

त्याचं असं झालं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचे वडील, म्हणजे अप्पा, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात अडकून पडले होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. होता तो चौतीस पायऱ्यांचा जिना. एकदा डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तेव्हा नाजूकरावांनी अप्पांना उचललं आणि अप्पांसकट ते खाली बसले. मग बायकोच्या भावाला बोलावणं गेलं. मेहुणे आले, अप्पांना उचललं आणि कानाला लावलेल्या फोनवर कुणाला तरी झापत झापत जिना उतरून गेले. मागून नाजूकराव उतरले. त्यांच्या हातात अप्पांच्या चपला होत्या. ही मिरवणूक पाहायला साऱ्या इमारतीची दारं उघडली. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "सांभाळून हं, जड नाहीत ना?"

काकू गमतीने बोलल्या, पण नाजूकरावांना ते लागलं. तसं चिडवणं त्यांना नवं नव्हतं. ते एका मोठ्या कचेरीच्या दप्तरखान्यात होते. बावीस वर्षं फायली नंबरानुसार कपाटात लावायच्या, आणि त्याही एका खेपेला चारच, म्हणून तर कचेरीने त्यांचं नाव नाजूकराव ठेवलं होतं. पण लहानपणी अप्पा त्यांना पाठुंगळीला घेऊन हाच जिना चढायचे आणि वर एका हातात पाण्याची बादली असायची. त्या माणसाच्या मागून आपण चपला घेऊन उतरलो, हे त्यांच्या मनातून जाईना.

अडीच महिन्यांनी अप्पांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. अप्पांचे तीन जुने दोस्त त्या दिवशी खाली अंगणातल्या बाकावर जमणार होते, कारण जिना चढणं त्यांच्याही आवाक्यात नव्हतं.

"त्या दिवशी अप्पांना खाली मी नेणार," नाजूकरावांनी जाहीर केलं. "मेहुण्यांना बोलवायचं नाही."

"अहो, पण कसं नेणार?" बायकोने विचारलं.

"जिमला जाणार."

बायको हसली नाही. तिने तिथल्या तिथे आपल्या फोनवरून पुढच्या गल्लीतल्या जिमचा फॉर्म भरून टाकला. (ती हसली असती तर बरं झालं असतं, माघार घ्यायला कारण मिळालं असतं.)

पहिल्या दिवशी नाजूकराव जिमच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेतून आत पाहिलं. आत एक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच्या दंडाकडे इतक्या मायेने बघत होता की नाजूकरावांना त्या दोघांच्या मध्ये जाणं प्रशस्त वाटेना. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी डोळे मिटून दार ढकललं.

समोर जिमच्या मॅडम उभ्या होत्या. वय सव्वीसच्या आसपास, आवाज मुख्याध्यापिकेचा.

"मी... आजपासून..." नाजूकराव म्हणाले.

"आलात? परवापासून वाट बघतेय तुमची! बाकीचं नंतर बोलू, आधी हे सगळं जागेवर लावा."

'हे सगळं' म्हणजे जमिनीवर पसरलेला वजनांचा बाजार होता. लोखंडी चकत्या, डंबेल, दांडे. आदल्या संध्याकाळी उचलणारे ते उचलून, तिथेच टाकून घरी गेले होते. नाजूकरावांनी चकत्यांवरचे आकडे पाहिले, त्या ठेवायच्या लोखंडी घोड्यांवरचे आकडे पाहिले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. चुकीच्या जागी पडलेल्या वस्तू नंबरानुसार लावायच्या! बावीस वर्षांत दुसरं केलं काय होतं? त्यांना वाटलं, काय शास्त्रशुद्ध पद्धत आहे. माणसाला जे येतं तिथूनच सुरुवात.

आणि मॅडमना वाटलं, मदतनीस जरा हडकुळा पाठवलाय, पण कामाला बरा दिसतो.

(वाचकांनी लगेच कपाळाला हात लावू नये. मॅडमनी मदतनीस हवा म्हणून चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं, आणि तो नेमका परवा यायचा होता. आलेल्या माणसाला नाव विचारायची त्यांना घाई नव्हती, आणि नाव सांगण्याइतका नाजूकरावांना कंठ फुटला नव्हता.)

"काका, पाठ सरळ!" मॅडम ओरडल्या. "कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. वजन अंगाजवळ धरा. अंथरुणाला खिळलात तर माझी पंचाईत."

किती बारीक लक्ष देतात, असं वाटून नाजूकराव भारावले. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांना हात वर करून केस विंचरता येईनात. बायकोने विंचरून दिले.

दुसऱ्या आठवड्यात पुसण्याचा व्यायाम सुरू झाला. "फरशी कमरेसाठी, आरसे खांद्यांसाठी," नाजूकरावांनी घरी समजावून सांगितलं.

"मग घरचे पंखे पुसलेत तर कशाला होईल?" बायकोने विचारलं.

"ते मॅडमना विचारावं लागेल."

अडचण एवढीच होती की बायकोच्या फोनवर जिमचे मेसेज येत राहिले. 'आम्ही तुमची वाट बघतोय.' मग, 'तुम्ही अजून एकदाही आला नाहीत!' मग नुसताच रडका चेहरा.

"तुम्ही रोज सकाळी नक्की जाता कुठे?" बायकोने एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं.

"अगं, ते सगळ्यांनाच पाठवतात. हुरूप यावा म्हणून." आणि पुरावा म्हणून त्यांनी दंड पुढे केला. बायकोने दाबून पाहिला. आत काहीतरी होतं खरं. पूर्वी तिथे नुसती बाही असायची.

दीड महिन्याने मॅडमनी त्यांना पिवळा टी-शर्ट दिला. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'काही हवंय? मला विचारा.' नाजूकरावांचे डोळे भरून आले. इतक्या लवकर आपल्याला वरच्या वर्गात घातलं! आरशासमोरचा तो दंडवाला खरोखरच त्यांना विचारू लागला, "काका, वीसची जोडी आणा." नाजूकराव वीसची जोडी आणत, ती झाली की पंचवीसची आणत, आणि पंचवीसची जागेवर ठेवताना मनात म्हणत, नुसता उचलतो बिचारा, ठेवायचा व्यायाम याला अजून दिलेलाच नाही.

घरीही बरं चाललं होतं. अप्पांची भूक वाढली होती. एकदा ते सहज बोलून गेले, "खालच्या बाकाला हिरवा रंग दिलाय."

"तुम्हाला कसं कळलं अप्पा?"

"वास आला," अप्पा म्हणाले.

बायको तेव्हा अप्पांच्या पायजम्याला मागच्या बाजूने ठिगळ लावत होती. त्या महिन्यातलं ते तिसरं. "बसून बसून झिजतात हो," ती म्हणाली. नाजूकरावांना ते पटलं. (त्यांना बहुतेक गोष्टी पटत.)

वाढदिवसाला एक दिवस उरला असताना जिमच्या दारात एक धिप्पाड गृहस्थ येऊन उभे राहिले. "मॅडम, जरा उशीर झाला," ते म्हणाले. "बहिणीच्या घराचं बांधकाम निघालं. तुम्ही मदतनीस म्हणून बोलावलं होतं ना?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हातात ओलं फडकं घेतलेल्या नाजूकरावांकडे पाहिलं. "मग हे कोण?"

नाजूकरावांनी चाचरत आपलं नाव सांगितलं. मॅडमनी रजिस्टर उघडलं. "अडीच महिने मेसेज पाठवूनही जे आले नाहीत, ते तुम्ही?"

आख्खी जिम हसली. दंडवाला तर दांडा खाली ठेवून हसला. नाजूकरावांनी फडकं पिळलं, घडी घालून खिळ्याला अडकवलं आणि ते घरी आले. आपण अडीच महिने व्यायाम केलाच नाही! लोकांचा पसारा आवरला. ते तर कचेरीतही करतोच.

"मेहुण्यांना बोलाव उद्या," ते बायकोला म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बायको काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. मॅडम होत्या. तिने फोन नाजूकरावांच्या कानाला लावला.

"काका, मला फार लाज वाटतेय, आधी माफी मागते. पण एक सांगू? तुम्ही गेल्यावर मी मोजून बघितलं. रोज सकाळी तुम्ही हजारभर किलो उचलून जागेवर लावत होतात. एवढं इथे कुणीच उचलत नाही. तो हसणारा तर नाहीच नाही. आणि एकदाही ना पगाराचं विचारलंत, ना 'आता बस' म्हणालात. उद्यापासून या. या वेळी तुमच्यासाठी या."

फोन ठेवल्यावर नाजूकराव बराच वेळ स्वतःच्या तळहातांवरचे घट्टे बघत होते. मग म्हणाले, "मेहुण्यांना नको बोलावूस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाजूकराव पलंगापुढे उकिडवे बसले. "अप्पा, पाठुंगळीला या."

"मला?" अप्पा म्हणाले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान डोलावली. अप्पांनी मुलाच्या गळ्यात हात घातले.

पाठ सरळ. गुडघ्यातून. वजन अंगाजवळ. नाजूकराव उभे राहिले आणि उभेच राहिले! मग एकेक पायरी मोजत निघाले. दहाव्या पायरीवर त्यांनी अप्पांना जरा वर सरकवून घेतलं. सतराव्या पायरीवर काकूंचं दार उघडं होतं. या वेळी काकूंनी तोंडाला पदर लावला होता. एकेकाळी आभाळाएवढे असलेले अप्पा पाठीवर इतके हलके कसे झाले, असं वाटून नाजूकरावांना पंचविसाव्या पायरीवर रडू आलं. पण हात मोकळे नसल्यामुळे त्यांनी ते तसंच वाहू दिलं. चौतीस! त्यांनी अप्पांना बाकावर अलगद बसवलं. वजन कसं टेकवायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

तिन्ही दोस्तांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "पण आज हे काय नवीन? एरवी तर रोज दुपारी तुझा तू येतोस की!"

अप्पांनी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

"रोज?" नाजूकराव धापा टाकत म्हणाले.

बायको जमिनीकडे बघू लागली. "दोन महिने झाले. बसून बसून उतरतात, एकेक पायरी. चढताना कठडा धरतात. तुम्ही एवढे कष्ट करताय, आणि आम्ही कसं सांगायचं?"

नाजूकरावांना आता ठिगळं आठवली.

"अरे, तुझ्यामुळेच उठलो मी," अप्पा म्हणाले. "तुला केस विंचरता येत नव्हते तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलास. म्हटलं, हा या वयात लोखंड उचलायला निघालाय आणि मी काय नुसता छताकडे बघत पडू? लाज वाटली मला."

नाजूकरावांनी नाक पुसलं. सगळं अंग ठणकत होतं आणि फार म्हणजे फारच बरं वाटत होतं. दिवे लागायच्या सुमाराला दोस्त उठले. नाजूकराव पुन्हा अप्पांसमोर उकिडवे बसले. "चला अप्पा, पाठुंगळीला."

"नको रे," अप्पा कठड्याकडे हात नेत म्हणाले. "चढतो मी माझा. उतरताना तुझ्या खांद्याचं हाड फार टोचलं. फक्त एक कर. चपलांनी पाय सरकतो माझा, त्या रोज सूनबाई घेते. आज तू घे."

अप्पा जिना चढू लागले. नाजूकरावांनी पाठ सरळ ठेवली, गुडघ्यात वाकले, चपला अंगाजवळ धरल्या आणि त्यांच्या मागोमाग निघाले.