टोपीवाल्या देवीचे पाच चाकू

पाच चाकू, दहा पाती, दहा नाणी, वीस स्क्रू. हेमसिंगने दोनदा मोजलं, वहीत लिहिलं आणि खाली तारीख टाकली: सोमवार, १८ एप्रिल १९५५.

चाकू मातीसाहेबाचे होते. कापसाच्या जमिनी तपासायला अमेरिकेहून आलेल्या या साहेबाचं खरं नाव हॅलोवे. पण पोहरादेवीच्या आसपास जिथे दिसेल तिथली माती चिमटीत घेऊन हुंगणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? त्याला जुन्या नाण्यांचे चाकू जमवायचा नाद होता. चाकूच्या दोन्ही अंगांना एकेक चांदीचा अर्धा डॉलर बसवलेला. एका अंगाला टोपी घातलेल्या बाईचा मुखडा, दुसऱ्या अंगाला गरुड. सगळ्यात जुनं नाणं १८९३ सालचं. मिटला की जाड रुपया, उघडला की चाकू.

या चाकूंची पेटी अडाण नदी ओलांडताना बैलबंडीतून पाण्यात पडली. बंडी हेमसिंगच्या काकाची होती, आणि पेटी बांधली होती हेमसिंगने. दोन दिवसांत पात्यांवर गंज आला.

"शुक्रवारपर्यंत कारखान्यातून आल्यासारखे करून देतो," हेमसिंग म्हणाला. तो आपल्या बंजारा तांड्यातला पहिला बी.एस्सी. गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी. यात अवघड काय आहे?

अवघड एवढंच होतं की शुक्रवारी साहेब वाशीमहून कायमचा निघणार होता, आणि निघण्याआधी नागपूरच्या माती-प्रयोगशाळेसाठी हेमसिंगला शिफारसपत्र देणार होता. हेमसिंगने त्याच्यासाठी चार महिने उन्हात दोनशे बारा खड्डे खणले होते. त्या पत्रावर नोकरी होती.

मंगळवारी सकाळी त्याने शास्त्रशुद्ध पद्धतीने काम सुरू केलं. गंज काढायचं आंबट लागून नाणी खराब होऊ नयेत म्हणून ती आधी सोडवली, पुसली, पितळेच्या वाटीत घातली आणि वाटी ओट्यावर उन्हात ठेवली. मग बारीक पॉलिश कागद आणायला तो सायकलने मानोऱ्याला गेला.

हेमसिंगला रसायनशास्त्र येत होतं, पण घरात काय चाललंय याची त्याला कल्पना नव्हती. रविवारी त्याच्या बहिणीचं, रुपाबाईचं लग्न होतं. ओट्यावर पाच बायका तिची ओढणी शिवत बसल्या होत्या आणि मधोमध, त्याच्या वाटीला लागूनच, काशाची थाळी होती. तांड्यात रीत अशी की नवरीच्या ओढणीसाठी नात्यातल्या माणसाने थाळीपाशी नाणं ठेवायचं आणि मुकाट्याने निघून जायचं. देणारा बोलत नाही, घेणारा विचारत नाही. सगळ्यांनी ठेवलं होतं. फक्त सख्ख्या भावाने अजून काही ठेवलं नव्हतं, आणि त्याची कुजबुज आठवडाभर चालू होती.

हेमसिंग दुपारी परतला तेव्हा वाटी रिकामी होती. इतकी रिकामी की कोणीतरी ती घासूनही ठेवली होती.

"याडी, या वाटीतले नाणे कुठी गेले?" त्याने आईला विचारलं.

जमनाबाईचे डोळे भरून आले. "जिथी जायाचे तिथी गेले, बापू. देल्यावर इचारू नाही."

"मी देल्ले नाहीत. वाळू घातले होते."

"आयका," धनीबाई काकी सुईत दोरा ओवत म्हणाली, "चांदी वाळू घालते म्हणे. पापड हाय का काय?"

"काकी, ते साहेबाचे हायेत."

"साहेबाचे होते. आता रुपाचे हायेत."

ओढणीच्या काठावर, फुलचंद सोनाराने सकाळीच लावलेल्या कड्यांसकट, दहा अर्धे डॉलर शिवून झाले होते. टोपीवाली बाई, गरुड, टोपीवाली बाई, गरुड. धनीबाईने जोड्या सुद्धा लावल्या होत्या. फुलचंद तांड्यात वर्षातून चारदा यायचा. नेमका आज आला होता.

"मले ते परत पायजेत," हेमसिंग म्हणाला. "काढून द्या."

पाचही सुया थांबल्या.

"नवरीच्या ओढणीचा टाका उसवला तं तिचं माहेर उसवते," धनीबाई म्हणाली. "तुया कालेजात हे शिकवलं नाही?"

"नाही शिकवलं."

"मंग काय शिकवलं इतके वर्स?"

तो वडिलांकडे गेला. गोविंदसिंग लिंबाखाली चार माणसांत बसून सांगत होते, "अमेरिकेहून मागवले पोरानं. बहिणीसाठी. दहा."

"बा, मी मागवले नाहीत."

"पाहा," गोविंदसिंग त्या चौघांना म्हणाले, "शिकलेला माणूस कसा असते? करते अन् बोलत नाही."

तो जितक्या जोरात नाकारायचा तितका त्याचा मोठेपणा वाढत होता. बुधवारी सकाळी शेजारच्या तांड्यात दहाची वीस झाली. दुपारी कामरगावच्या बाजूला, नवरदेवाकडे, चाळीस. संध्याकाळच्या आत नवरदेवाची मावशी हिरीबाई स्वतः बघायला हजर. ओढणी मांडीवर घेऊन तिने एक नाणं जात्याच्या दगडावर आपटलं आणि कान दिला.

"चांदी खरी हाय. पण दहाच?"

"लग्नात दहाच घालू असं ठरवलं," धनीबाई डोळ्याची पापणी न लववता म्हणाली. "नजर लागते."

"अन् हे बाई कोण?"

"तिकडची देवी."

"देवीच्या डोक्शावर टोपी?"

"तिकडे थंडी लय रायते."

हिरीबाईने मान डोलावली आणि जाताना हेमसिंगच्या डोक्यावर हात ठेवला. "असा भाऊ पायजे. आमच्याकडे सांगून आली मी, ह्या घरची सोयरीक म्हणजे सोनं."

आता नाणी काढली असती तर लग्न मोडलं असतं, आणि नाही काढली तर नोकरी. हेमसिंगने हे दोन रकाने आखून वहीत मांडलं. रकाने आखल्याने काहीही सुटलं नाही.

गुरुवारी सकाळी जमनाबाईने त्याच्यापुढे एक पुरचुंडी ठेवली. "दोन दिस झाले, भाकर मोडून राह्यला पण खाऊन नाही राह्यला. तुले दहाच पायजेत ना? हे घे."

आत राणीछाप रुपये होते, दहा. ओढणीसाठी तिने वर्षानुवर्षं जपलेले. डॉलर आल्यावर त्यांना काठावर जागा उरली नव्हती.

"याडी, साहेबाले हे चालत नाहीत. ते अमेरिकेचे होते. नाणं म्हणजे नुसतं गोल असून..."

तो थांबला. उठला, आपली कॅलिपर काढली आणि रुपाला ओढणी धरायला लावली. अर्धा डॉलर: ३०.६ मिलिमीटर. राणीचा रुपया: ३०.५.

"काय मोजून राह्यला?" रुपाने विचारलं.

"माहेर उसवते की नाही ते."

सोनाराच्या लाखेचा पातळ थर देऊन त्याने दहाही रुपये बसवले. वीसही स्क्रू पुरले. पाती तर खरोखरच आरशासारखी झाली होती, पण ते बघायला तांड्यात कोणालाही सवड नव्हती.

शुक्रवारी वाशीमच्या विश्रामगृहात जाताना त्याने इंग्रजीतली तीन वाक्यं पाठ केली होती: कबुली, कारण आणि क्षमा. साहेबाने पेटी उघडली. एक चाकू घेतला, उलटा केला. राणीकडे बघितलं. दुसरा घेतला. तिसरा.

"साहेब," हेमसिंगने पहिलं वाक्य काढलं.

"हे तू केलंस?"

"हो. पण त्याचं कारण..."

"स्वतःच्या हाताने?"

"हो. क्षमा..."

त्याची वाक्यं तिथेच संपली, कारण साहेबाने त्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. सात महिने तो हिंदुस्थानातून घरी न्यायला काहीतरी शोधत होता. पितळी हत्ती सगळेच नेतात. असा चाकू त्याच्या गावात काय, सगळ्या अमेरिकेत कोणाकडे नसेल.

"आणि माझे अर्धे डॉलर?"

"बहिणीच्या लग्नाच्या ओढणीवर आहेत, साहेब. कड्या लावून."

साहेब खुर्चीत बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "राहू देत तिथेच. माझा आहेर समज." मग चष्मा पुसत म्हणाला, "तुझं ते पत्र. मी काल लिहून ठेवलं होतं. पण थांब, आता ते चालणार नाही. नवीन लिहितो."

त्याने जुना कागद फाडला आणि उभ्याउभ्या नवीन लिहून, पाकिटात घालून हेमसिंगच्या हातात दिला. गाडीची वेळ झाली होती.

गाडी गेल्यावर हेमसिंगने स्टेशनच्या बाकावर बसून पाकीट उघडलं. पत्र प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या नावाने होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि मोजलं. एकूण ओळी नऊ. 'चाकू' हा शब्द चार वेळा, 'कारागीर' दोन वेळा, 'माती' शून्य वेळा.