कवळी कुणी उकळली?

आमचे शेजारी मल्लप्पाअण्णा सकाळी अंगणात कवळी धुवायला बसले, की बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसं सगळ्यांनी हळू बोलायचं. पुढ्यात परात, परातीत पाणी, पाण्यात घडी घातलेला पंचा. "हातनं निसटली तर पंच्यावर पडंल की!" मऊ ब्रश आणि किंचित साबण. राखुंडी अजिबात नाही, ओरखडे पडतात. रात्री गार पाण्याच्या वाटीत ठेवायची. सत्तरच्या दशकात शुक्रवार पेठेत कवळीवाले थोडेच. पण आमच्या गल्लीत बत्तिशी शाबूत असलेल्यांनाही हे सगळं पाठ होतं.

"ऊन पाणी म्हंजे कवळीचा काळ! ध्येनात ठेवा, बाई." मी शाळेत शिकवायची, म्हणून मला जरा जास्तच शिकवणी. वैताग नुसता!

शेंगाचटणीचे दाणे कवळीखाली गेले की अण्णा भरल्या ताटावरून उठत, पुन्हा परात, पुन्हा पंचा. त्यांची बायको, आक्का, कपाळावर हात मारून घेई. "माझं येवढं कौतुक कधी केलं न्हाय!"

त्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून रेणुका वैरागची, घरात अजून बुजलेली. सासऱ्यांच्या कवळीवर तिला चटणीचा लाल डाग दिसला, आणि पोरीनं ती चक्क धुण्याच्या भांड्यात सोडा टाकून उकळली! डाग गेला, पण कवळी अशी वेडीवाकडी झाली की तोंडात बसेना.

रेणुका माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायला लागली. "मामंजींनी बघितलं. आन् तसंच अंगणात गेले. आता आत्याबाई मला माहेरी धाडतील हो!" आक्काची जीभ मला ठाऊक होती.

तेवढ्यात अंगणातून अण्णांचा बोळका आवाज आला, "मीच उकळली! डाग जाईना, काय करू?"

गल्ली हसून हसून लोळली. "जगाला शाणपण शिकवतंय, आन् सोता बघा!" म्हणत आक्कानं तर पुढे कित्येक दिवस तोंडसुख घेतलं. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले.

मला राहवेना. एकदा आक्का देवळात गेल्याचं बघून मी विचारलंच, "अण्णा, कशाला उगाच हसं करून घेतलंत?"

ते कडक भाकरी आमटीत भिजवत बसले होते.

"बाई, आमची लेक होटगीला नांदती. तिच्या हातनं बी कायबाय बिघडत असंल की. तितं तिच्यासाठी खोटं बोलायला कोण हाय?"